बॅकअप रिस्टोअर झाला पण मशीन उठत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

बॅकअप रिस्टोअर करताना, म्हणजे घेतलेला बॅकअप परत डिस्कवर उतरवताना, ती पट्टी हळूहळू १०० टक्क्यांपर्यंत जाते, ‘सक्सेसफुल’ असा मेसेज येतो, आपण निवांत होऊन रिस्टार्ट मारतो आणि समोर काळी स्क्रीन, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ, नो बूटेबल डिव्हाइस. नाहीतर निळी स्क्रीन येते, नाहीतर विंडोजचा लोगो येतो, ते टिंबांचं चक्र फिरत राहतं आणि परत रिस्टार्ट, परत तेच. पोटात गोळा येतो अशा वेळी, कारण त्या मशीनवर कुणाचे सोसायटीचे हिशेब असतात, कुणाचं टॅली, कुणाच्या मुलीचं कॉलेजचं प्रोजेक्ट, आणि नेमकं तेव्हाच शेजारचं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं की फॉरमॅट मार आणि नव्याने विंडोज टाक. तेवढं करू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नका करू.

कारण डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो. रिस्टोअर पूर्ण झालं म्हणजे विंडोजचं फोल्डर डिस्कवर उतरलं, फोटो, फाँट, एक्सेलच्या शीट, सगळं उतरलं. अडलेलं असतं ते एवढंच की मशीनला ते विंडोज कुठून उचलायचं हे कळत नाहीये, किंवा मग उचललंय पण विंडोजला तीच डिस्क वाचता येत नाहीये जिच्यावर ते स्वतः बसलंय. या दोन वेगळ्या अडचणी आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत, म्हणून नेटवर दिसेल ती कमांड मारत सुटण्यापेक्षा गाडी नेमकी कुठे अडलीये ते आधी बघायचं, बाकी मग सोपं होतं.

बटण दाबलं की सगळ्यात आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम चालू होतो. जुन्या मशीनमध्ये तो बायॉस, १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला, आणि गेल्या दहाबारा वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या मशीनमध्ये यूईएफआय, बोलताना आपण त्यालाही बायॉसच म्हणतो. जुना बायॉस काय करायचा, तर डिस्कचा पहिला सेक्टर वाचायचा, फक्त ५१२ बाइटचा, त्याला एमबीआर म्हणतात, त्यात थोडासा कोड, डिस्कचा ४ बाइटचा ओळख नंबर आणि जास्तीत जास्त चार पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या कप्प्यांची, यादी असते, यादीतलं जे पार्टिशन ‘ॲक्टिव्ह’ असेल तिथे जाऊन विंडोजचा बूट मॅनेजर, म्हणजे विंडोज चालू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, उचलायचा. यूईएफआयचं काम वेगळं चालतं. त्याला विंडोजसाठी जीपीटी या नव्या पद्धतीने मांडलेली डिस्क लागते आणि तिच्यावर एक वेगळं छोटं पार्टिशन लागतं, ईएफआय सिस्टिम पार्टिशन, फॅट३२ या फाइल ठेवायच्या पद्धतीत फॉरमॅट केलेलं, साधारण १०० एमबीचं. याला ड्राइव्ह लेटर नसतं म्हणून ते ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही आणि दिसत नाही म्हणून कित्येकांना ते आहे हेच माहीत नसतं. त्यातली कुठली फाइल उघडायची हे मदरबोर्ड स्वतःच्या मेमरीत लिहून ठेवतो. पुढे दोन्ही पद्धतींत बूट मॅनेजर बीसीडी नावाची एक छोटी फाइल वाचतो, तिच्यात लिहिलेलं असतं की विंडोज अमुक डिस्कच्या अमुक पार्टिशनवर आहे, आणि मग कुठे तो लोगो दिसतो.

सगळी गोम त्या ‘अमुक डिस्क’मध्ये आहे. बीसीडी ‘सी ड्राइव्ह’ असं लक्षात ठेवत नाही, ती डिस्कचा आणि पार्टिशनचा ओळख नंबर लक्षात ठेवते. नवीन एसएसडीवर, म्हणजे चिपवाल्या वेगवान डिस्कवर, बॅकअप उतरवला की डेटा तोच पण नंबर नवा असू शकतो. गिरगावात चाळ पाडून टॉवर झाला, माणसं तीच, भांडीकुंडी तीच, पण पोस्टमन जुन्या खोलीचा नंबर घेऊन आला तर त्याला कुणी सापडणारच नाही, तसंच बूट मॅनेजरचं होतं. चांगलं बॅकअप सॉफ्टवेअर रिस्टोअर करतानाच हा पत्ता बदलून देतं, पण सगळी देत नाहीत, आणि दिला तरी ते छोटं ईएफआय पार्टिशन बॅकअपमध्ये घेतलेलंच नसेल तर सॉफ्टवेअर तरी कुठे बदलणार.

हे शेवटचं कारण मी सगळ्यात जास्त बघितलंय. गिरगावातच एका ओळखीच्या काकांचं डीटीपीचं छोटं दुकान आहे, पेजमेकर, श्रीलिपी, लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, पावती पुस्तकं, असं सगळं काम. मशीन स्लो झालं म्हणून लॅमिंग्टन रोडवरून २५६ जीबीची एसएसडी आणली, जुन्या हार्ड डिस्कचा बॅकअप घेतला, नवीन डिस्कवर रिस्टोअर केला, आणि ऐन लग्नसराईत मशीन काळं. काकांचं म्हणणं एकच, ‘अरे, मशीन गेलं तर गेलं, तेवढ्या पत्रिका काढून दे रे, लोकांचे मुहूर्त आहेत.’ विंडोजच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं, इन्स्टॉलची पहिली स्क्रीन आली तिथे शिफ्ट आणि एफ१० दाबलं, कमांडची काळी खिडकी उघडली, डिस्कची पार्टिशनं दाखवणारी डिस्कपार्ट ही कमांड दिली, मग लिस्ट व्हॉल्यूम. यादीत पेनड्राइव्ह आणि एनटीएफएसचं, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीचं, २३८ जीबीचं (२५६ ची डिस्क विंडोज एवढीच दाखवतं) एकच पार्टिशन, बास. ते १०० एमबीचं फॅट३२ वालं कुठेच नाही. बॅकअप घेताना फक्त सी वर टिक केली होती, बाकीची नाव नसलेली बारीकसारीक पार्टिशनं बिनकामाची वाटून सोडून दिली होती. पण त्या २३८ जीबीत काय आहे ते बघितलं तर सगळं होतं, काकांनी स्क्रीनजवळ वाकून फोल्डरची नावं एकेक करून वाचली, पाटील-सावंत, जोशी मुंज, आणि मगच खुर्चीत टेकले.

आता हे दुरुस्त कसं करायचं ते नीट सांगतो. कमांड टाइप करायच्या त्या अर्थातच इंग्रजीत, इथे मी उच्चार लिहितोय.

आधी एक ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि दुसऱ्या कुठल्याही चालू मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह बनवा, त्यात काही असेल तर ते पुसलं जाणार आहे हे लक्षात असू द्या. मशीन चालू करताना बूट मेनूची की दाबायची, डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, आसूसच्या लॅपटॉपला एस्केप. आणि इथे एक गोष्ट बघा जी बहुतेक लोक बघतच नाहीत. थोड्या जुन्या मशीनवर मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा साधा आणि एकदा पुढे यूईएफआय लिहिलेला. तुमचं मूळ विंडोज ज्या पद्धतीचं होतं त्याच पद्धतीने पेनड्राइव्ह उचलायचा. साध्या पद्धतीने उचललात आणि विंडोज यूईएफआयवालं असेल तर पुढची दुरुस्ती चुकीच्या पद्धतीची होते, कमांड बरोबर दिल्यासारखी वाटते आणि मशीन तरीही उठत नाही, मग माणूस वैतागतो. मूळची पद्धत कोणती होती ते आठवत नसेल तर डिस्कपार्टमध्ये लिस्ट डिस्क करा, उजवीकडे जीपीटीच्या खाली चांदणी असेल तर यूईएफआय, नसेल तर एमबीआर, म्हणजे साधी पद्धत.

पेनड्राइव्हवरून चालू झालं की आधी ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’मध्ये जाऊन स्टार्टअप रिपेअर चालवून बघा. सोपं आहे, त्यात बिघडण्यासारखं काही नाही, आणि साधा पत्ता चुकला असेल तर ते स्वतःच दुरुस्त करतं. एकदा नाही जमलं तर रिस्टार्ट करून परत चालवा, कधीकधी ते एका वेळी एकच दोष काढतं. त्यानेही नाही झालं तर कमांडकडे वळायचं.

डिस्कपार्ट उघडा, लिस्ट व्हॉल्यूम करा, विंडोज कुठल्या अक्षरावर आहे ते बघा. पेनड्राइव्हवरून चालू केलं की ही अक्षरं बदलतात, तुमचा सी इथे डी दिसू शकतो, त्यामुळे गृहीत धरू नका, डिस्कपार्टमधून बाहेर येऊन डीआयआर (फोल्डरची यादी दाखवणारी कमांड) मारून आत विंडोज आणि युजर्स ही फोल्डर दिसतायत का बघा. मग परत डिस्कपार्टमध्ये जाऊन फॅट३२ चं १०० एमबीच्या आसपासचं व्हॉल्यूम सिलेक्ट करा, त्याला ‘असाइन लेटर=एस’ असं अक्षर द्या आणि एक्झिट. चुकून पेनड्राइव्ह सिलेक्ट होतो कारण तोही फॅट३२ च असतो, साइझ बघूनच पुढे जा. आता खरी कमांड: बीसीडीबूट, स्पेस, डी:\विंडोज, स्पेस, /एस एस:, स्पेस, /एफ यूईएफआय. म्हणजे डी वरचं विंडोज बघ, त्याच्यासाठी एस वर बूटच्या फाइल्स नव्याने ठेव आणि नवा पत्ता लिही. ‘बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड’ असं आलं की पेनड्राइव्ह काढून रिस्टार्ट.

काकांच्या डिस्कसारखं ते पार्टिशनच नसेल तर आधी जागा करायची. विंडोजचं व्हॉल्यूम सिलेक्ट करून ‘श्रिंक डिझायर्ड=२६०’, मग ‘क्रिएट पार्टिशन ईएफआय’, मग ‘फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२’, मग एस अक्षर, आणि वरची बीसीडीबूट. फॉरमॅट हा शब्द बघून दचकू नका, तो फक्त नुकत्याच बनवलेल्या रिकाम्या पार्टिशनवर लागतोय, पण त्याच्या आधी ‘लिस्ट पार्टिशन’ करून चांदणी त्याच छोट्या पार्टिशनसमोर आहे ना हे डोळ्यांनी बघाच. आणि डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन’ ही कमांड कुणी कितीही सांगितली तरी या कामात मारायची नाही, ती अख्ख्या डिस्कची मांडणीच उडवते.

नेटवर जिथे तिथे बूटरेक फिक्सएमबीआर आणि फिक्सबूट या कमांड लिहिलेल्या असतात. त्या जुन्या पद्धतीच्या डिस्कसाठी आहेत. जीपीटी डिस्कवर फिक्सएमबीआरचा काही उपयोग नाही आणि फिक्सबूट पुष्कळदा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणून परत येतं, तेवढ्याने लोकांना वाटतं डिस्कच गेली, तसं काही नसतं. डिस्क एमबीआरची असेल तर मात्र त्या कामाच्या आहेत, आणि तिथे एक गोष्ट हमखास राहते, बूटच्या फाइल्सवालं पार्टिशन ‘ॲक्टिव्ह’ मार्क करायचं. आता जुन्या मशीनमधला एमबीआरचा बॅकअप नव्या मशीनवर उतरवला असेल आणि नव्या मशीनला फक्त यूईएफआयच येत असेल तर बूट फाइल्स कितीही लिहा, उपयोग नाही, डिस्कची पद्धतच बदलावी लागते. त्यासाठी विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल आहे, डेटा न पुसता बदल करतं, आधी व्हॅलिडेट करून बघायचं आणि ते ओके म्हणालं तरच कन्व्हर्ट. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून पुष्कळ लोक जुनं मशीन बदलून नव्यावर बॅकअप उतरवतायत, त्यांना ही अडचण येणारच.

एरर कोड आला असेल तर तो फोटो काढून ठेवा, त्यात बरंच काही असतं. सी, मग सहा शून्यं आणि ई, असा कोड म्हणजे बूट मॅनेजर मिळाला पण त्याने सांगितलेली डिस्क मिळाली नाही. शेवटी ई ऐवजी एफ असेल तर बीसीडीच सापडत नाहीये. दोन्हीला वरचीच बीसीडीबूट लागते.

निळी स्क्रीन आणि खाली ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’, जुन्या विंडोजवर कोड ७बी, ही मात्र पूर्ण वेगळी अडचण आहे. इथे पत्ता बरोबर आहे, विंडोज उठलंय सुद्धा, पण डिस्क ज्या कंट्रोलरमार्फत वाचायची त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा छोटा प्रोग्रॅम, सुरुवातीला लोड होत नाहीये. मशीन लवकर चालू व्हावं म्हणून विंडोज जे स्टोरेज ड्रायव्हर वापरात नाहीत ते सुरुवातीच्या यादीतून बंद करून ठेवतं. आता बॅकअप घेताना बायॉसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय होता आणि आत्ता रेड किंवा इंटेलचा व्हीएमडी आहे, की संपलं. त्यामुळे पहिल्यांदा बायॉसमध्ये जाऊन हा मोड आधी होता तसा करून बघा, निम्म्या वेळा इथेच सुटतं. मशीन तेच, सेटिंगला कुणी हात लावला नाही, तरी मोड कसा बदलला? मदरबोर्डवरचा तो गोल सेल बघा, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. सेल उतरलेला असतो, एरवी मशीनला वीज चालू असते म्हणून चालून जातं, डिस्क बदलायला मशीन सोडवलं, प्लग काढला, की सगळी सेटिंग डिफॉल्टला जातात. तारीख मागे गेलेली दिसली तर नक्की सेलच. स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्याकडेसुद्धा हा सेल मिळतो.

मोड मुद्दाम बदलायचाच असेल किंवा नव्या मशीनमध्ये वेगळा कंट्रोलर असेल तर एक चांगला उपाय आहे. पेनड्राइव्हच्या कमांडमधून बीसीडीएडिट, /सेट, महिरपी कंसात डिफॉल्ट, सेफबूट मिनिमल असं द्यायचं, मग विंडोज सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्या ड्रायव्हरवर, उठतं आणि सेफ मोडमध्ये ते ड्रायव्हर तपासून बरोबर तो चालू करून घेतं. एकदा उठलं की तेच सेफबूट डिलीटव्हॅल्यूने काढून टाकायचं, नाहीतर दरवेळी सेफ मोडच येत राहील. इंटेलच्या ११ व्या जनरेशनपासूनच्या लॅपटॉपवर कधीकधी पेनड्राइव्हलाही डिस्क दिसत नाही, लिस्ट डिस्क रिकामी येते, तेव्हा डिस्क मेली असं समजू नका, व्हीएमडीचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ने द्यावा लागतो.

बायॉसला हात लावायच्या आधी एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला जे कुलूप लावतं त्याची, रिकव्हरी की हातात घ्या. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलेलं असलं की डिस्क आपोआप एनक्रिप्ट झालेली असू शकते, घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. बायॉसचं सेटिंग बदललं, मदरबोर्ड बदलला की ४८ आकडी की मागते. ती बहुतेक वेळा ज्याने पहिल्यांदा लॉगिन केलं त्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ऑनलाइन सेव्ह असते, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांकडे, म्हणून दादाच्या, ताईच्या, बाबांच्या, सगळ्यांच्या अकाउंटमध्ये बघा. ती कुठेच नसेल तर तो डेटा कुणीही उघडून देऊ शकत नाही, कितीही पैसे मागितले तरी नाही.

काही वेळा अडचण रिस्टोअरची नसतेच. एम.२ ची, म्हणजे बोर्डावरच्या खाचेत बसणारी पट्टीसारखी, एसएसडी दोन प्रकारची येते, साटा आणि एनव्हीएमई, दिसायला जवळपास सारखी, आणि जुन्या मदरबोर्डवर ॲडाप्टर लावून एनव्हीएमई बसवली तर विंडोज चालू असताना ती छान दिसते पण तिच्यावरून मशीन चालू होत नाही, कारण बायॉसला ती ओळखताच येत नाही. विकत घ्यायच्या आधी बोर्डाचं मॉडेल दुकानदाराला दाखवा. विंडोजची स्वतःची सिस्टिम इमेज (विंडोजनेच घेतलेला अख्ख्या सिस्टिमचा बॅकअप) असेल तर नवीन डिस्क जुनीपेक्षा लहान चालत नाही, आत डेटा कमी असला तरी, हेही आधीच बघून ठेवा. लिनक्सवाल्यांचं दुखणं याच जातीचं, एफएसटॅबमध्ये (पार्टिशनची यादी) आणि ग्रबमध्ये (लिनक्सचा बूट मॅनेजर) जुन्या पार्टिशनचे यूयूआयडी, म्हणजे ओळख नंबर, राहून जातात, ते बदलून ग्रब परत लिहायचा.

मशीन उठलं की लगेच झाकण लावून टाकू नका. विंडोज ॲक्टिव्ह आहे का बघा, बोर्ड बदलला असेल तर परत करावं लागतं. डीटीपी किंवा अकाउंटिंगच्या ज्या सॉफ्टवेअरची लायसन्स मशीनच्या किंवा डिस्कच्या नंबरला बांधलेली असतात ती उघडून बघा, ती रुसली असतील तर कंपनीला फोन करून नवा कोड घ्यावा लागतो आणि तो फोन ऑफिसच्या वेळेतच लागतो, काकांचं एक सॉफ्टवेअर याच्यासाठी सोमवारपर्यंत अडून होतं. मग ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांडमध्ये ‘रीएजंटसी /इन्फो’ मारून रिकव्हरी, म्हणजे विंडोजची स्वतःची दुरुस्तीची सोय, ‘इनेबल्ड’ आहे का तेही तपासा, अर्धवट रिस्टोअरमध्ये तिचं पार्टिशनही राहून गेलेलं असतं.

आणि जुनी हार्ड डिस्क. नवीन डिस्कवरून पहिल्यांदा चालू करताना जुनीची केबल काढलेलीच पाहिजे. क्लोन, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, केलं असेल तर दोघींचा ओळख नंबर सारखाच असतो, दोन्ही लावून चालू केलं तर विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकतं किंवा तुम्हाला न कळता जुन्या डिस्कवरूनच उठतं आणि तुम्ही आठवडाभर त्याच जुन्या डिस्कवर काम करत बसता. नवीनवरून दोनचार दिवस नीट काम झालं, फाइल्स उघडून बघितल्या, प्रिंट काढून बघितल्या, की मग जुनी लावा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती ऑफलाइन दिसेल, राइट क्लिक करून ऑनलाइन करा, विंडोज तिला नवा नंबर देतं. ती पुसायची घाई मात्र करू नका.